जैबूनभाभींचा पिवळा भात

मागच्या महिन्यात दौंडला एका सभागृहात जैबूनभाभींनी काढलेल्या फोटोंचं प्रदर्शन भरलं होतं. मी शिरूरहून मुद्दाम गेलो आणि अर्ध्या तासात बाहेर पडलो. दाराशी रांगोळी, आत गुलाबपाणी, भिंतीवर सोनेरी चौकटीत चाळीसेक फोटो. तव्यावर फुगलेली भाकरी, पाट्यावर वाटलेला ठेचा, परातीत मळलेलं पीठ, धुरानं डोळे बारीक केलेल्या बायका. प्रत्येकाखाली कुणीतरी हौसेनं लिहिलं होतं, ‘मातीचा गंध’, ‘आईच्या हातची चव’. भाषण करणाऱ्या एका गृहस्थांनी भाभींना ‘मायेचा झरा’ म्हटलं आणि टाळ्या पडल्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मायेचा झरा! या माणसानं आयुष्यात एकदाही जैबूनभाभींचं तोंड ऐकलं नसणार. भाभी तिथं असत्या तर त्यांनी माइकसमोरच त्याला धरलं असतं. "ही बाई कोण? तिचं नाव का न्हाई खाली? का भाकरी आपली आपनच फुगली?" खरंच, एकाही फोटोखाली बाईचं नाव नव्हतं. आणि पिवळ्या भाताच्या ज्या फोटोंसाठी भाभींनी शेवटची चार वर्षं घातली, त्यांतला तर एकही लावलेला नव्हता. मी संयोजकांना गाठून विचारलं. ते गोड हसून म्हणाले, "तो विषय जरा निगेटिव्ह होतो ना हो. लोक घरच्यांना घेऊन येतात."

म्हणून हे लिहितो आहे. रागात लिहितो आहे, हे आधीच सांगून टाकतो.

भाभींचा फोटो स्टुडिओ दौंडात स्टेशनकडं जाणाऱ्या एका गल्लीत होता. मूळ नवऱ्याचा. लग्न होऊन आल्या तेव्हा अंधाऱ्या खोलीत फोटो धुवायला हाताखाली कुणी नव्हतं, म्हणून नवऱ्यानं त्यांना ते काम शिकवलं. तो गेला तेव्हा नातेवाइकांनी सल्ला दिला, दुकान भाड्यानं द्या आणि घरी बसा. भाभींनी दुसऱ्या दिवशी शटर उघडलं. तेव्हापासून पासपोर्ट फोटो, साखरपुडे, निकाह, बारशी सगळं त्यांनी एकटीनं केलं. बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा, डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही आणि तोंड कधी थांबलं नाही. कॅमेरा त्या जेवणाच्या डब्याच्या कापडी पिशवीतून न्यायच्या. चोराला वाटलं पाहिजे की आत भाजी आहे, असं त्यांचं म्हणणं.

मी तेव्हा पुण्यातून निघणाऱ्या एका दैनिकाचा बातमीदार होतो. शिरूर आणि दौंड असे दोन तालुके माझ्या गळ्यात बांधलेले होते, त्यामुळे दौंडकडच्या फोटोंसाठी मी भाभींवर अवलंबून असे. त्या मला नावानं कधी हाक मारत नसत. "ओ बातमीदार" म्हणत, आणि त्यात कौतुक अजिबात नसे.

लग्नात त्या स्टेजवरचे फोटो काढायच्या, कारण पोट त्यावर होतं. पण अक्षता पडल्या की त्या मांडवामागं आचाऱ्याकडं सटकायच्या. तिथं चुलाणावरचा घाम, पिंपातली आमटी, कांदा चिरून बोटं काळी पडलेल्या बायका. नवऱ्या मुलीचा बाप शोधत यायचा, "अवो भाभी, पुढारी आल्यात स्टेजवर, चला की!" भाभी मान वर न करता म्हणायच्या, "पुढारी पुढच्या लग्नातबी असत्यात. ह्यी बाई उद्या दुसऱ्या गावाला जाईल." त्यांचे दोनच नियम होते. पहिला, आधी ताट, मग माणूस. दुसरा, ज्याचा फोटू त्याचा घास. म्हणजे ज्या अन्नाचा फोटो काढला त्याचा एक घास खाल्ल्याशिवाय त्या उठत नसत. माझ्यासारखे पुरुष ओसरीवर चहा पीत बसत आणि भाभी थेट चुलीपर्यंत जात. बाई असण्याचा हा फायदा त्यांनी पुरेपूर वसूल केला.

कॅमेऱ्यासमोर कुणी हसलं की त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. "जेवताना हसतंय व्हय कुनी? दात आत घ्या." बायका नवं लुगडं नेसायला आत पळाल्या तर म्हणायच्या, "मी लुगड्याचा फोटू काढाया आली न्हाई. ये भाईर, हाय तशी."

एकदा भांडगावच्या बाजूला एका बड्या बागायतदाराच्या बंगल्यावर त्यांना बोलावलं होतं. मालकीणबाईंना कुठल्याशा मासिकासाठी ‘पारंपरिक स्वयंपाक’ असे फोटो हवे होते. ग्रॅनाइटचा ओटा, कपाटं चकचकीत, आणि मागच्या अंगणात नवी कोरी चूल मांडलेली. तिला गेरू लावलेला, वर पांढरी नक्षी. बाई नऊवारी नेसून, नथ घालून चुलीसमोर बसल्या. भाभींनी कॅमेरा डोळ्याला लावला, खाली घेतला आणि विचारलं, "ह्या चुलीवर शेवटचं काय शिजलं?" बाई गोंधळल्या. म्हणाल्या, "आज फक्त फोटोसाठी मांडलीय." भाभींनी आजूबाजूला पाहिलं. धुणीभांड्याची बाई मागच्या पायरीवर बसून कालची भाकरी चहात बुडवून खात होती. भाभींनी तिचा फोटो काढला, तिच्या चहातला एक तुकडा खाल्ला, पिशवी उचलली आणि चालू लागल्या. त्या घरातून त्यांना पुन्हा कधी बोलावणं आलं नाही. भाभींनी हा किस्सा मला किमान पाच वेळा ऐकवला आणि पाचही वेळा त्या तितक्याच भडकल्या.

रांजणगावला तर त्यांनी कहर केला. एका कंपनीत कंत्राटी पोरांना कँटीनमध्ये प्रवेश नव्हता. बिहारची, मराठवाड्याची पोरं दुपारच्या सुट्टीत कंपाउंडबाहेर गटाराच्या कठड्यावर बसून जेवायची. मी बातमी करणार होतो, म्हणून भाभींना बोलावलं. त्या आल्या आणि पोरांचे डबे एकामागून एक टिपू लागल्या. कुणाचा भात-बटाटा, कुणाची चपाती-मिरची. सिक्युरिटीवाला धावत आला आणि म्हणाला, "मॅडम, कंपनीचा फोटो काढायला परमिशन लागती."

"कंपनीचा कोन काढतंय? मी डब्याचा काढतीय. डबा कंपनीचा हाय का?"

"तसं न्हाई, पर साहेब बगत्यात वरून."

"बगू दे. जेवनाची सुट्टी हाय, त्यास्नी म्हनावं तुमीबी डबा घेऊन या. जागा हाय गटारावर."

फोटो छापून आला. आठ दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो, काय फरक पडला ते बघायला. पोरं त्याच कठड्यावर जेवत होती. कंपनीनं फक्त रस्त्याच्या बाजूनं उंच हिरवी जाळी मारली होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू नये म्हणून. भाभी जाळीकडं बघून म्हणाल्या, "बगा बातमीदार, आपल्या फोटूचा उपेग झाला. सावली पडली पोरांवर." 

आता पिवळ्या भाताचं सांगतो.

दौंड तालुक्यात ओढ्याकाठी एक वस्ती आहे. तिचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या मुलींची अजून लग्नं व्हायची आहेत आणि ‘त्या पाण्याची वस्ती’ म्हणून सोयरीक मोडल्याचं मी स्वतः पाहिलं आहे. ओढ्याच्या वरच्या अंगाला एक कारखाना आहे. त्याचंही नाव लिहीत नाही, त्याची कारणं वेगळी आहेत आणि ती वाचणाऱ्याला कळतात. वस्तीला एकच विहीर. त्याच पाण्यावर पिणं, रांधणं आणि जनावरं.

त्या वस्तीवरच्या सुमनबाई एकदा रेशनकार्डाच्या कामासाठी फोटो काढायला भाभींच्या स्टुडिओत आल्या. वीज गेलेली होती, म्हणून बाकावर बसून त्यांनी डबा सोडला. भाभींनी सवयीनं डब्यात डोकावलं.

"हळदीचा भात केलाय व्हय गं?"

"हळद न्हाई ओ भाभी. आमचं पानीच तसलं हाय. भात टाकला की पिवळा व्हतो. डाळ तर दोन-दोन तास शिजत न्हाई."

भाभींनी एक घास तोंडात घातला आणि थुंकला. सुमनबाई खाली मान घालून जेवत राहिल्या. पुढच्या शुक्रवारी भाभी स्कूटी घेऊन वस्तीवर गेल्या.

त्यानंतर दर शुक्रवारी त्या गेल्या. उन्हातान्हात, रमजानच्या रोज्यातसुद्धा. पद्धत ठरलेली होती. सुमनबाईंच्या घरात त्याच खिडकीत तीच स्टीलची ताटली, त्यात विहिरीच्या पाण्यात शिजवलेला मूठभर भात आणि शेजारी एक कोरा पांढरा कागद. कागद कशाला, असं मी विचारलं तेव्हा चिडल्या. "उद्या साहेब म्हनतील फोटूच पिवळा आलाय, कॅमेऱ्याचा दोष हाय. कागद पांढरा दिसतोय न्हवं? मग भात का न्हाई?" फोटो झाला की त्यातला घास खायच्या. डॉक्टरांनी पोटासाठी पथ्य सांगितलेलं असताना खायच्या. मी एकदा बोललो तर म्हणाल्या, "रोज्यात असंल तर सांजच्याला खाती. सुमनची पोरं रोज खात्यात, माझ्या एका घासाचं काय कवतिक?"

मागणी साधी होती. हे पाणी वाईट आहे, एवढं सरकारी कागदावर लिहून मिळायला हवं होतं. ते लिहून आल्याशिवाय टँकर मंजूर होत नव्हता, नळाची योजना पुढं सरकत नव्हती आणि कारखान्याला कुणी हात लावत नव्हतं. सुमनबाई म्हणायच्या, "आमाला दुसरं काय नगं. पानी वंगाळ हाय, एवढंच लिवून द्या म्हनावं." या एका वाक्यासाठी अर्ज झाले, खेटे झाले, घोंगडं तीन वर्षं भिजत पडलं. शेवटी पुण्याहून तपासणीला साहेब येणार असं पत्र आलं.

इथं मी वस्तीवर रागवायला हवं, आणि मी रागावतोच. साहेब येणार म्हटल्यावर त्या लोकांनी काय करावं? विहीर दाखवावी, भात दाखवावा, पोरांच्या अंगावरचे चट्टे दाखवावेत. ते सोडून त्यांनी मांडव घातला. सुमनबाईंचे सासरे, वस्तीतले वडीलधारे नामदेवआबा, यांनी हुकूम सोडला की दारात आलेला पाव्हणा उपाशी जाता कामा नये. साहेब तक्रारीच्या चौकशीला येतायत, सोयरिकीला नाही, हे त्यांच्या डोक्यातच शिरेना. मग प्रश्न पडला की पाव्हण्यांना पिवळा भात कसा वाढायचा? बायकांनी दौंडहून थंड पाण्याचे निळे जार मागवले आणि सगळा स्वयंपाक त्या पाण्यात केला. भाभींच्या कानावर यातलं काही जाऊ दिलं नाही, कारण भाभी काय करतील हे त्यांना पक्कं माहीत होतं.

भाभी सकाळपासून साहेबांबरोबर विहिरीवर होत्या. बाटल्या भरल्या, चिठ्ठ्या लागल्या. मग साहेब मंडळी मांडवाकडं गेली. मागं राहिलेल्या भाभी पोचल्या तोवर पंगत बसली होती. वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, लापशी, आणि वरणाखाली मोगऱ्याच्या कळ्यांसारखा पांढराशुभ्र भात. मोठे साहेब तोंडभर हसत सुमनबाईंना म्हणत होते, "वहिनी, भात आणखी वाढा." भाभींचा हात सवयीनं वर गेला. आधी ताट, मग माणूस. बटण दाबलं गेलं. मग त्यांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं.

त्या तडक स्वयंपाकघरात गेल्या. कोपऱ्यात काहीतरी गोधडीखाली झाकलेलं होतं. भाभींनी गोधडी ओढली तर खाली रिकामे निळे जार.

मागोमाग सुमनबाई आत आल्या. "भाभी, नगा ओ काढू फोटू. पाया पडते."

"का केलंस गं ह्ये? तीन वर्सं मी येती, ती काय चटणी-भाकर खायला?"

"घरात आलेल्या मानसाला ते कसं वाढू ओ? हात न्हाई व्हत. आमी खातो ते खातो. पाव्हन्याला न्हाई वाढवत."

भाभींनी जारचा फोटो काढला. सुमनबाईंच्या हातात गोधडीचं टोक होतं तसाच काढला. भांडण होऊन त्या बाहेर आल्या तेव्हा साहेबांची गाडी निघून गेली होती.

संध्याकाळी त्यांनी मला दोन फोटो पाठवले आणि फोन केला. "बातमीदार, दोनी फोटू एकाशेजारी एक छापा. एक भात, एक जार. एकटा भात छापाल तर बगा." मी हो म्हणालो. तासाभरानं नामदेवआबांचा फोन आला. म्हातारा माणूस, आवाज कापत होता. "बाळ, त्यो जारचा फोटू छापू नगंस. गावाची अब्रू जाईल. पाव्हन्यांना फसवलं म्हनतील."

आणि मी, पंचवीस वर्षं बातमीदारी केलेला माणूस, त्या एका ‘बाळ’ या शब्दाला विरघळलो. म्हटलं, जाऊ दे, म्हाताऱ्याचा मान राहील. नमुने तर घेतलेच आहेत, निकाल लागेलच. मी भाताचा एकटा फोटो पाठवला. खाली कुणीतरी ओळ टाकली, ‘ग्रामस्थांच्या पाहुणचाराने अधिकारी भारावले’. कुणीतरी कशाला म्हणू? मीच टाकली.

दोन महिन्यांनी अहवाल आला. त्यात लिहिलं होतं, नमुन्यांबाबत अभिप्राय राखून ठेवण्यात येत आहे. मात्र सदर वस्तीवर प्रत्यक्ष भोजन घेतले असता ते रुचकर आढळले, भाताचा रंग पांढरा होता, सबब तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य दिसत नाही. सोबत पुरावा म्हणून आमच्या पेपराचं कात्रण चिकटवलेलं होतं. फोटोखाली भाभींचं नाव होतं. पेपरात आम्ही ते नेहमी छापायचो.

एरवी शिरूरला पाऊल न टाकणाऱ्या भाभी त्या दिवशी एसटीनं माझ्याकडं आल्या. माझ्या टेबलावर त्यांनी अहवालाची झेरॉक्स ठेवली. मला वाटलं आता तोंडाचा पट्टा सुटेल. तसं झालं नाही. त्या उभ्याच राहिल्या.

"ह्यो भात बगितला? ह्यो सुमननं न्हाई शिजवला बातमीदार. तुमी शिजवला."

मी नामदेवआबांच्या फोनचं सांगायला लागलो.

"आबा अडाणी हाय. सुमन बाईमानूस, तिला पाव्हन्याची लाज वाटली. तुमाला कशाची लाज वाटली? तुमी तर रोज लोकांच्या घरात काय जळतंय ते छापून पोट भरता." मग त्यांनी झेरॉक्समधल्या कात्रणावर बोट ठेवलं. "नाव माझं हाय खाली. मी काढलेल्या फोटूनं सुमनच्या पोरांना तेच पानी पाजलं. आता मला कुटं तोंड दाखवाया जागा ठिवली?"

चहा मागवला होता तो तसाच राहिला. त्या निघून गेल्या आणि पुढं आठ महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. फोटोसुद्धा दुसऱ्या कुणाकडून घ्या असा निरोप आला. ते योग्यच होतं. माझा राग त्या अहवाल लिहिणाऱ्यावर आहे, त्याच्या रुचकर जिभेवर आहे, पण त्यातला मोठा वाटा माझ्याच वाट्याला येतो आणि तो मी कुणावर ढकलणार नाही.

शुक्रवार मात्र चुकले नाहीत. भाभी वस्तीवर जात राहिल्या. कचेऱ्यांतून फोटोंची चळत घेऊन फिरत राहिल्या, जो भेटेल त्या साहेबाच्या टेबलावर ताटली, भात आणि कागद पसरत राहिल्या. एका कचेरीत शिपायानं म्हणे त्यांना बघितल्याबरोबर आतून कडी लावली. भाभी दारातच चटई टाकून बसल्या. अशानं कंटाळून का होईना, फेरतपासणीचा आदेश निघाला. तेव्हा मला फोन आला. "शुक्रवारी वस्तीवर या. काय करू नका, फकस्त बसा आन् बगा."

मी गेलो. तेच मोठे साहेब होते, आणि त्यांच्याबरोबर मागच्या वेळचाच कारकून, निवृत्तीला टेकलेला, मांडीवर फाइल. या वेळी मांडव नव्हता. ओसरीवर सतरंजी अंथरली होती. वस्तीतली सगळी माणसं गोळा झाली होती. आदल्या दिवशी भाभींनी बायकांना बसवून कबूल करून घेतलं होतं की आपण जे खातो तेच वाढायचं. सगळ्यांनी मान हलवली होती. साहेबांनी विहीर बघितली, बाटल्या भरल्या आणि मागच्या आठवणीनं की काय, आपण होऊन सतरंजीवर येऊन बसले. ताटं मांडली गेली.

सुमनबाई भाताचं पातेलं घेऊन उंबऱ्यापर्यंत आल्या आणि थांबल्या.  डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "माझ्यानं न्हाई वाढवत भाभी. काय बी करा, माझ्या हातानं न्हाई."

मला वाटलं, झालं, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. भाभींनी कॅमेरा गळ्यातून काढला आणि माझ्या हातात कोंबला. जन्मात त्यांनी तो कुणाला दिला नव्हता. पातेलं सुमनबाईंकडून घेतलं. "आन हिकडं. मी काय ह्या वस्तीची न्हाई. मला लागू दे पाप." आणि मोठ्या साहेबांच्या ताटात दोन डाव भात घातला, मग कारकुनाच्या.

भात पिवळाधमक होता आणि त्याला औषधासारखा वास येत होता. साहेबांनी ताटाकडं बघितलं.

"हे काय आहे?"

"भात हाय साहेब. मागल्या टायमाला तुमी मागून खाल्ला त्योच तांदूळ. पानी तेवढं ह्यांच्या हिरीतलं हाय. खावा."

साहेबांनी बोटानं भात जरा हलवला. ताट मागं सरकवलं. मग वैतागून, काही विचार न करता म्हणाले, "अहो, हे आम्ही कसं खाणार?"

भाभींनी पातेलं खाली ठेवलं. "लिवा."

"काय?"

"आत्ता म्हनला ते. हे आम्ही कसं खानार. लिवा कागदावर आन् सही करा."

"बाई, असं अहवालात लिहिता येत नाही. त्याला चाचणीचे निकष असतात."

"मागल्या टायमाला भोजन रुचकर लिवलं, तवा जिभंला कुठला निकष लावला व्हता? तवा खाऊन लिवलं. आता खाऊन लिवा. न्हाईतर खाल्लं न्हाई, असं तरी लिवा. दोन्हीतलं एक केल्याबिगर मी उठू देनार न्हाई." भाभींचा आवाज असा चढला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. "तुमाला एक घास न्हाई गिळत साहेब. ह्या बायका चार वर्सं रोज दोन टायमाला गिळत्यात आन् पोरांच्या तोंडात घालत्यात. आन् तुमी कागदावर लिवता पांढरा!"

साहेब उठायला लागले. कारकून उठला नाही. तो कितीतरी वेळ आपल्या ताटातल्या भाताकडं बघत होता. मागचा ‘रुचकर’ हा शब्द त्याच्याच अक्षरात होता. त्यानं फाइल उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि पंचनामा मोठ्यानं वाचत वाचत लिहायला सुरुवात केली. विहीर, खोली, बाटल्यांचे क्रमांक. शेवटी साहेबांकडं न बघता त्यानं लिहिलं आणि वाचलं, "याच पाण्यात शिजवलेला भात पंचांसमक्ष वाढण्यात आला. भात पिवळा. खाल्ला नाही."

साहेब म्हणाले, "अहो—". कारकुनानं कागद नामदेवआबांपुढं सरकवला. पंच म्हणून सही त्यांची होती. अब्रूसाठी मला फोन करणाऱ्या त्या म्हाताऱ्यानं धोतराला हात पुसले आणि एकेक अक्षर काढत सही केली. मग एवढ्या लोकांदेखत साहेबांनाही करावी लागली.

भाभींचा कॅमेरा माझ्या हातात होता आणि मी एकही फोटो काढला नव्हता. मला सुचलंच नाही. त्यावरून पुढं मला मनसोक्त शिव्या मिळाल्या.

त्या ओळीवर टँकर मंजूर झाला. यायला आणखी अडीच महिने गेले, तोवर भाभी राहिल्या नाहीत. स्टुडिओतच छातीत कळ आली. विहिरीवर आता लाल अक्षरात फलक आहे. कारखाना चालू आहे. यात कुणी आनंद मानायचा असेल त्यानं मानावा, मला जमत नाही.

त्या दुपारनंतर भाभींशी फोनवर बोलणं झालं, पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तिथंच. गाडी गेली, माणसं पांगली. ओसरीवर भरलेली ताटं तशीच होती. जे हवं होतं ते कागदावर आलं होतं, तरी सुमनबाई खांबाला टेकून हुंदके देत होत्या.

"पाव्हनं उपाशी गेलं ओ भाभी. माझ्या दारातनं उपाशी गेलं."

"गेलं तर गेलं!" भाभी अंगावर ओरडल्या. "एक दिस उपाशी ऱ्हायलं तर मरत न्हाईत!"

सुमनबाईंचं रडणं काही थांबेना.  मग वाकून त्यांनी ताटं एकात एक घालून बाजूला केली, सतरंजीची दोन टोकं स्वतः उचलली आणि उरलेली दोन सुमनबाईंच्या हातात दिली. दोघी घडी घालायला लागल्या. सुमनबाईंचं टोक सारखं घसरत होतं.

"सरळ धर की गं," भाभी म्हणाल्या. "रडायचं तर रड, पर सरळ धर."